उलटी लपवायची नाही

देवबागात कुणालाही विचारा, सेवरीन सिस्टर कशी बाई? म्हणतील, सोनं हो, सोनं. बंदरावर विचारा, चर्चकडच्या वाडीत विचारा, रिक्षावाल्याला विचारा. फक्त मला विचारू नका. पण परवा माझ्या घरी उतरलेल्या एका पाहुण्यांनी जेवताजेवता नेमकं मलाच विचारलं, "इथं शिबिरात एक नर्सबाई होत्या ना? आमच्या मुलाच्या पायाला मासा चावला होता, तेव्हा त्यांनीच सांभाळलं त्याला." माझ्या हातातली पळी आमटीतच राहिली. होत्या म्हणे! आहे की, चांगली धडधाकट आहे. मी नुसतं "हो, हो" म्हटलं आणि त्यांना भात वाढला. पण ते उठून गेल्यावर दिवसभर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. म्हटलं, आता एकदाचं सांगूनच टाकावं. चांगलं आहे तेही सांगते. ते नसतं तर बाकीचं एवढं लागलंच नसतं.

आमच्या घरापासून चार पावलं पुढे गेलं की समुद्राच्या अंगाला सुरूचं बन आहे. तिथे दर मे महिन्यात शाळेच्या पोरापोरींचं शिबिर भरतं. पुण्याचे एक निखिल सर ते चालवतात. तंबू, होड्या, पोहणं, खाडीतली सफर, असं सगळं. पोरं पुण्यामुंबईची, बारा ते सोळा वयाची. ना धड लहान, ना धड मोठी. त्यांचं जेवण माझ्याकडे होतं. माझं घर म्हणजे चार खोल्यांचं पर्यटकांचं बिऱ्हाड. माझ्या हातच्या बांगड्यासाठी माणसं मुद्दाम वाट वाकडी करून येतात, हे मी माझ्याच तोंडानं सांगते, कारण दुसरं कोणी आता सांगत नाही. आणि पोरांची दुखणीखुपणी सेवरीनबायकडे. सगळे तिला सिस्टर म्हणत. पहिल्या वर्षी पुण्याच्या एका आईनं तिला चर्चमधली सिस्टर समजून वाकून नमस्कार केला, तेव्हा बाय तिला म्हणाली, "अहो, मी नर्स. माझं लग्न झालंय, लेक लंडनला आहे, आणि मला रागही येतो."

सरकारी दवाखान्यात सगळी नोकरी काढून ती निवृत्त झाली होती. नवरा बोटीवर होता, तो केव्हाच गेला. फुलाफुलांचा लांब फ्रॉक, त्यावर पांढरा एप्रन, पायात कॅनव्हासचे बूट, आणि छातीवर पिन लावून उलटं लटकवलेलं घड्याळ. एप्रनच्या खिशात काय नसेल ते विचारा. थर्मामीटर, कात्री, कापूस, लवंगा, सेफ्टी पिना, जपमाळ, आणि एक लिंबू. लिंबू कशाला, हे कधी कळलं नाही. विचारलं की म्हणायची, "लागला तर आसूक व्हया." वाळूत छत्री घेऊन अशी चालायची, की समुद्रानंसुद्धा जरा सरकून जागा द्यावी.

पहिल्या दिवशी पोरं उतरली रे उतरली, की सगळ्यांच्या पिशव्या बनाच्या कडेच्या तिच्या ओट्यावर. आयांनी भरून दिलेली औषधं ती पिशव्यांतून उपसून काढी. तापाच्या गोळ्या, जुलाबाच्या, जुलाब होण्याच्या, वांतीच्या, बुद्धी वाढण्याच्या! सगळं बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत, डब्याला पांढरी चिकटपट्टी, त्यावर नाव. मग एकेकाचं नाक, कान, नखं, केसांतल्या उवा, पायांची बोटं. मग तीन प्रश्न. शी झाली? झोप झाली? घरची आठवण येते? तिसऱ्या प्रश्नाला कोण हो म्हणणार? जो सगळ्यांत पटकन "नाही" म्हणे, त्याच्यावर ती दोन दिवस डोळा ठेवून असे.

नावं काही तिच्या लक्षात राहत नसत. पोरांना ती दुखण्यावरून हाक मारी. "गे डाव्या कान, हयसर ये!" "नाक खंय गेला? नाकाक बोलवा." पोरांना त्याची इतकी गंमत वाटे, की ज्यांना काहीच होत नसे ती हिरमुसून बसत. निखिल सरांना ती तोंडावर सर म्हणायची, पाठीमागे "रक्तदाब".

पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना वाळूवर बसवून ती भाषण करी. भाषण प्रमाण मराठीत, सरकारी. तिचं मराठी दवाखान्यातलं होतं, कांजी केलेल्या चादरीसारखं. "मुलांनो, ताप लपवा. मार्क लपवा. प्रेमपत्र आलं तर तेही लपवा, मी विचारणार नाही. पण उलटी लपवायची नाही. कुठे झाली, किती झाली, काय पडलं, सगळं येऊन सांगायचं. लाज वाटली तरी सांगायचं. लपवलेल्या उलटीवर औषध नसतं." पोरं हसून हसून वाळूत लोळत. पहिल्या वर्षी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते. मीही पोट धरून हसले. म्हटलं, ही बाई आपल्याला आवडली.

खरं तर ओळख झाली भांडणातून. पाहुणे ज्या मुलाचं म्हणत होते ना, त्याचाच प्रसंग. खाडीच्या उथळ पाण्यात पोरं खेळत होती, आणि त्याचा पाय पडला पाकटावर. पाकट म्हणजे चपटा मासा, शेपटीला काटा. तळाला वाळूत बसलेला असतो, पाय पडला की फटकन मारतो. पोरगा गुरासारखा ओरडत होता. कोण म्हणतंय चुना लावा, कोण म्हणतंय बांधा, होडीवाला तर भलतंच काही ओतायला निघाला होता. मी भाताचं आधण ठेवलं होतं, पाणी रटरटायला लागलेलं, तांदूळ धुऊन हाताशी. बाय वाऱ्यासारखी आत आली, फडक्यानं पातेलं धरलं आणि निघाली.

"गो बाय, माजा आधण!" मी ओरडले.

"भात मागे," ती जाताजाता म्हणाली. "पायाक गरम पाणी व्हया. गरम पाण्यान ह्या विष मरता."

थंड पाणी घालून घालून, स्वतःचं कोपर बुडवून बघून, सोसेल इतक्या गरम पाण्यात तिनं त्याचा पाय धरून ठेवला. पाणी निवलं की पुन्हा माझ्याकडचं गरम. पोरगा हळूहळू शांत झाला. मग त्याला दवाखान्यात नेलं. इकडे सगळ्या शिबिराचा भात उशिरा झाला आणि शिव्या मला. संध्याकाळी मी तणतणत तिच्या ओट्यावर गेले. "माजो जेवणाचो टाइम मोडलंस. पोरांक भूक लागली, तां तुजा दुखणा नाय?" तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तू पण आधणच गो. झाकण ठेवला तरी उतू जातंस." तेव्हापासून मी तिच्या तोंडी आधण. माझं शालन हे नाव तिनं पुन्हा क्वचितच घेतलं.

मला दुसरं कोणी तसं म्हटलं असतं तर मी झोडून काढलं असतं. तिचं मला गोड वाटायचं. सांगायला काय लाज? माझ्या वयाला नवीन मैत्रीण मिळणं म्हणजे चेष्टा नाही. दुपारची पोरं झोपली की ती स्वयंपाकघराच्या मागच्या दारी येई, पायरीवर बूट काढून बसे, आणि आमच्या गजाली चालत. मी तिला कुळथाची पिठी आणि भात देई. ती मला नाताळात नेवऱ्या आणि दोदोल असा फराळ पाठवी. एकदा म्हणाली, "आधण, ह्या शिबिर नसला ना, तर माजो मे महिनो कसो जातलो काय म्हायत नाय. घरात मी नि कुत्रो. कुत्र्याचो ताप तरी किती वेळा बघतलंय?" आम्ही दोघी हसलो. मला वाटलं, थट्टा करते आहे.

आणि खरेपणा! त्याबद्दल तर काय सांगू. एक मुलगी रोज पोट दुखतं म्हणून येऊन बसायची. तिला घरची आठवण येत होती, बाकी काही नाही. शिबिरात दादा म्हणून आलेला कॉलेजचा एक पोर, मोठा शहाणा, बायला म्हणाला, "सिस्टर, पेपरमिंट द्या आणि औषध म्हणून सांगा." बायनं त्याला असं फैलावर घेतलं, की मी आत वाटण वाटत होते ती थांबले. "खोटी गोळी? आज मी खोटी दिली, तर उद्या खरी दिल्यावर ती कशाला विश्वास ठेवील? मी औषध देते, फसवणूक देत नाही." मग त्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. "ह्येका लसूण सोलूक बसय. पोट थांबता काय बघ." ती पोरगी लसूण सोलता सोलता माझ्याजवळ पोटभर रडली, आणि मग शिबिर संपेपर्यंत रोज स्वतःहून सोलायला येऊ लागली. जाताना तिनं आम्हा दोघींना मिठी मारली. हाताला लसणाचा वास.

दुसरं एक. एका मुलाचं मनगट मोडलं. निखिल सर फोनवर त्याच्या आईला सांगत होते, "काही नाही हो, थोडंसं लागलंय, मुरगळल्यासारखं." बायनं सरांच्या हातातला फोन काढून घेतला. सरांच्या हातातला! "ताई, मी सिस्टर बोलते. हाड मोडलंय. मी त्याला घेऊन जाते आहे, मी जवळ असेन. तुम्ही निघा, पण गाडी हळू चालवा." फोन परत सरांच्या हातात ठेवला. सर लालेलाल. ती म्हणाली, "सर, आईशी खोटं बोललं की ती पुढच्या वर्षी दोन्ही कान उघडे ठेवून ऐकते." त्या आईनं पुढच्या वर्षी धाकट्यालाही पाठवलं. तेव्हापासून सर येईल त्या पालकाला सांगू लागले, आमच्या सिस्टर कधी खोटं बोलत नाहीत. आणि मीही सांगायचे. माझ्याकडे उतरलेल्या पाहुण्यांना, बाजारात, जिथे तिथे. माझ्याच तोंडानं मी ते गावभर केलं. पुढे तेच माझ्या गळ्याशी आलं.

आता हंड्याचं सांगते.

बायच्या सासूचा एक पितळी हंडा होता. चांगला मोठा, गळ्याला वळी, दोन बाजूंना कड्या. शिबिर सुरू झालं की तो रिक्षाच्या मागच्या सीटवर बसून येई आणि बाय पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अंग चोरून. पोरं समुद्रावरून आली, की तंबूत जायच्या आधी तिच्या ओट्यावर रांग. हंड्यात रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं आगळ, गूळ, मीठ, जिरं घालून केलेलं सरबत. प्रत्येकानं पेलाभर प्यायचं, तेव्हाच पुढे जायचं. उन्हातून आलेल्या अंगाला यासारखं दुसरं काही नाही, हे खरंच. सरबत तीच करणार, माझ्या स्वयंपाकघरात नाही, तिच्या ओट्यावर. मी एकदा म्हटलं, स्टीलची टाकी आहे माझ्याकडे, नळाची, ती घे. तर म्हणाली, "स्टीलातलां सरबत म्हणजे सलायन गो."

पितळेच्या भांड्याला आतून कल्हई लागते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कल्हई गेली आणि आत आंबट ठेवलं, की ते कळकतं, आणि प्यायलं की पोटात राहत नाही. पूर्वी मे महिन्याच्या आधी कल्हईवाला वाडीवाडीत फिरायचा, भाता लावून बसायचा. तो म्हातारा झाला, यायचा बंद झाला. त्या वर्षी हंडा रिक्षातून उतरवताना मी आत डोकावले. तळाला पिवळंधमक पितळ दिसत होतं.

"बाय, कल्हई गेली हा."

"वायच गेली."

"वायच खंय? सगळी गेली. मालवणात कोणतरी करता, थंय दी."

"पुढच्या वर्षी. मी सरबत करून ठेवतंय काय? पोरां इली की करतंय, घटकेत संपता." आणि ते खरं होतं. रोज ती पोरं दिसायला लागली की मगच आगळ घालायची. आणखी एकदा मी तेच बोलले, तर माझ्याकडे बघून म्हणाली, "आधण, तू जेवणाचा बघ." मी परत चुलीकडे वळले. दुखण्याच्या बाबतीत तिच्यापुढे कोण बोलणार?

त्या दिवशी दुपारची खाडीतली सफर होती. एका मुलीला दमा होता, म्हणून बाय स्वतः होडीतून जायची होती. परत येताना सगळ्यांबरोबरच येणार, मग सरबत कधी करणार? तिनं जेवणाच्या आधीच हंडाभर करून ठेवलं आणि वर ओलं फडकं बांधलं. मी माझ्या गडबडीत होते. जेवायला बांगड्याचं तिखलं आणि भात. बांगडा सकाळी बंदरावरून माझ्या डोळ्यांदेखत होडीतून उतरलेला, डोळे चकचकीत, कल्ले लाल. जी पोरं मासे खात नाहीत त्यांना ओल्या काजूंची उसळ.

उन्हं उतरताना होड्या आल्या. पोरं ओट्यावर रांगेत, सरबत प्यायली, तंबूकडे पांगली. आणि मग सुरू झालं. एक सुरूच्या झाडाला धरून ओकतोय, दुसरी वाळूत गुडघ्यावर, मग तिसरा, मग किती ते कोण मोजणार. मी पदर खोचून धावले. आणि हे मला कबूल करायलाच हवं, की त्या संध्याकाळी ती बाई एकटी दहा जणींचं काम करत होती. कुणाच्या कपाळाला हात, कुणाच्या पाठीला, मीठसाखरेचं पाणी चमच्या चमच्यानं, आवाज एकदाही चढला नाही. "सांगितलंस ना, शहाणी ती. आणखी येते? येऊ दे." टेम्पो आला, जास्त झालेल्यांना दवाखान्यात नेलं, आणि सगळी पोरं सुखरूप राहिली. देवाचीच कृपा. कुणालाही काही झालं नाही.

मी मात्र मधे एकदा पेज घेऊन तिच्या ओट्यावर गेले होते. ओट्यावर हंडा उपडा घातलेला. बाजूला राख आणि नारळाचं सोडण. माडाच्या बुंध्याशी वाळू ओतलेल्या सरबतानं लालभडक ओली. एवढ्या धांदलीत, पोरं ओकत असताना, तिनं हंडा घासायला वेळ काढला होता. मी बघतच राहिले. मला वाटलं, तिला कळलंय, बरं झालं. आता डॉक्टरांना सांगेल, उपाय लवकर होईल. मला, देवाशप्पथ, दुसरं काही वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ओट्यावर सगळे जमले. पुण्याहून रातोरात गाड्या काढून आलेले काही आईबाप, निखिल सर, आणि सरकारी दवाखान्याचे तरुण डॉक्टर. मी चहाचे पेले घेऊन उभी. डॉक्टरांनी विचारलं, "सिस्टर, मुलांच्या पोटात काय गेलं असेल?"

बाय उभी राहिली. एप्रनवर हात फिरवला. आणि त्या कांजी केलेल्या मराठीत म्हणाली, "दुपारच्या जेवणात बांगडा होता. उन्हाळ्यात मासा लवकर बिघडतो. स्वयंपाकीण बाईंकडे बर्फ पुरेसा होता की नाही, हे विचारावं लागेल."

स्वयंपाकीण बाई! इतकी वर्षं आधण, आणि आता स्वयंपाकीण बाई. माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. मी तिच्याकडे बघत होते आणि ती डॉक्टरांच्या शर्टाच्या बटणाकडे.

मी काही मूग गिळून बसणारी नाही. ट्रे ठेवला आणि म्हटलं, "डॉक्टर, त्या मैत्रेयीला विचारा. ती माशांना शिवत नाही. वासानंच रडते. तिला सगळ्यांत जास्त उलट्या झाल्या, कारण तिनं सरबत दोन पेले घेतलं. आणि तो मागच्या तंबूतला मुलगा, सरबत त्याला आवडत नाही, रोज चोरून ओततो. बांगडे त्यानं तीन खाल्ले. बघा तिकडे, फुटबॉल खेळतोय." आणि बायकडे वळून मी आमच्या भाषेत म्हटलं, "सांग गो. हंडो कित्याक घासलंस, सांग."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. एक क्षण मला वाटलं, आता सांगेल. तोंड उघडलंसुद्धा तिनं. मग म्हणाली, "भांडी मी रोजच घासते, डॉक्टर. स्वच्छता असते माझी. आणि शाकाहारी मुलांचं म्हणाल, तर पळी एकच असते. माशाची पळी उसळीत जाते. गडबडीत होतं असं."

माशाची पळी उसळीत! जन्मात माझ्या घरात झालं नाही असं. माझ्याकडे शाकाहारी माणसं उतरतात, त्यांची भांडी वेगळी, पळी वेगळी, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? माझ्याच पायरीवर बसून ती म्हणायची, "आधण, तुज्या सोवळ्याक आमचो फादर पण हरतलो." केसानं गळा कापणं म्हणतात ते मी तोवर नुसतं ऐकलं होतं.

"हे खोटं आहे," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला, की एक आई दचकून मागे सरली. तिथेच माझं संपलं. ओरडते आहे म्हणजे हिचंच चुकलं असणार. बांगडा संपला होता, हंडा घासून झाला होता; डॉक्टरांपुढे होते फक्त आम्हा दोघींचे शब्द. निखिल सर हळू आवाजात मला म्हणाले, "शालनताई, समजून घ्या. सिस्टर खोटं बोलत नाहीत, हे तुम्हीच मला सांगत आलात ना?"

मी ट्रे उचलला आणि घरची वाट धरली.

जेवणाचं काम गेलं, मालवणच्या एका केटररला मिळालं. त्याचं मला एवढं नाही. पण गावात झालं, शालनच्या जेवणानं पोरं ओकली. येणारी माणसं घरच्या पायरीपर्यंत येऊन विचारत, "तुमच्याकडे मासे ताजे असतात ना?" मला! बंदरावर बांगड्याचा कल्ला उचलून बघितल्याशिवाय टोपलीला हात न लावणाऱ्या बाईला! एका सीझनला माझ्या खोल्या जवळपास रिकाम्या राहिल्या. मी रोज सकाळी सवयीनं वाटण वाटायचे आणि बघत बसायचे.

तिनं असं का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला. समजतं मला, न समजायला काय झालं? खरं सांगितलं असतं तर सरांनी तिला पुन्हा बोलावलं नसतं. मे महिना गेला असता, रांग गेली असती, डावा कान आणि नाक गेलं असतं. घरात ती आणि कुत्रा. सगळं समजतं. पण मला येऊन सांगितलं असतं, "आधण, मी घाबरलंय, काय करू?", तर मी काहीतरी केलं असतं. दोघी मिळून सरांकडे गेलो असतो, मी तिच्या बाजूनं भांडले असते. तिनं मला विचारलंच नाही. तिनं मला मैत्रीण धरलं नाही, तेच मला खातं. आईशी खोटं बोलायचं नाही, पोरांशी बोलायचं नाही. खोटं तेवढं माझ्या वाट्याला ठेवलं होतं.

ती त्यानंतर माझ्याकडे आली नाही. नाताळात नेवऱ्याही नाहीत. बाजारात दिसली की छत्री तिरकी करी.

पुढच्या मे महिन्यात शिबिर पुन्हा भरलं. मी त्या बाजूनं जातच नव्हते, पण त्या दिवशी सुकवायला घातलेले मासे बघायला किनाऱ्यावर गेले होते आणि बनाच्या कडेनं परत येत होते. चिऱ्यांचा गडगा आहे तिथे, कमरेएवढी भिंत. पलीकडे तिचा ओटा. पहिलाच दिवस असणार, पोरं वाळूवर बसत होती. मी मान खाली घालून चालले होते.

"आधण."

मी थांबले. थांबायला नको होतं, पण पाय थांबले. एक वर्षानं ते नाव ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत, सांगायला हरकत नाही, पाणी आलं. गडग्याच्या पलीकडे बाय उभी होती. तोच फ्रॉक, तेच उलटं घड्याळ. थोडी वाकली होती. तिच्या हातात सरबताचा पेला. मागे ओट्यावर हंडा दिसत होता, आणि त्याची आतली कड पांढरीशुभ्र, चांदीसारखी.

तिनं पेला गडग्यावरून पुढे केला. आवाज इतका खाली, की वाऱ्यात जेमतेम ऐकू आला. "पी गो. कल्हई केलंय."

मी पेला घेतला. गार होता. मला वाटलं होतं, असं कधी झालं तर मी तोंडावर फेकीन. हात तेवढा उठला नाही. मी म्हटलं, "बाय, ह्या माका कित्याक सांगतंस? माका म्हायत होता. थंय सांग." मी पोरांकडे बोट केलं. निखिल सर तिथेच उभे होते, हातात शिट्टी. "सरांक सांग. एवढाच. मी परत जेवण करूक येवचंय नाय. नुसता सांग, शालनच्या हातान झाला नाय."

तिनं मागे वळून पाहिलं. सरांकडे, पोरांकडे, ओट्यावरच्या डब्यांकडे, चिकटपट्टीवरच्या नव्या नावांकडे. बराच वेळ पाहिलं. तिचा हात एप्रनच्या खिशात गेला आणि जपमाळेशी की लिंबाशी चाळा करत राहिला. मी वाट बघत होते. खरंच सांगते, तेव्हा तिनं दोन पावलं सरांकडे टाकली असती तर मी गडगा ओलांडून तिला मिठी मारली असती.

"पोरां वाट बघतत गो," ती म्हणाली. आणि छत्री टेकत टेकत निघून गेली.

पेला मी गडग्यावर ठेवला, भरलेला, तसाच. घरच्या वाटेला लागले. थोडी पुढे गेले असेन, तोवर पाठीमागून तिचा आवाज आला, खणखणीत, जराही न अडखळता. "मुलांनो, ताप लपवा. मार्क लपवा. प्रेमपत्र आलं तर तेही लपवा. पण उलटी लपवायची नाही."

पोरं खदखदून हसली. पहिल्या वर्षी मीही अशीच हसले होते.